धूळ, धूर आणि उपग्रहाची साक्ष

२३ जानेवारी २०२२ हा रविवार आठवून पाहा. मुंबई, पुणे आणि उत्तर महाराष्ट्राच्या काही भागांत त्या दिवशी आकाश मळकट झाले होते आणि उभ्या वाहनांवर पांढुरकी धूळ साचली होती. अनेकांना ते हिवाळी धुकेच वाटले. प्रत्यक्षात आदल्या दिवशी कराचीच्या परिसरात जोरदार वारे सुटले होते आणि तेथून उठलेली धूळ अरबी समुद्र व गुजरातमार्गे आपल्याकडे आली होती.

हे कळते कसे? पाण्याचा पृष्ठभाग गडद असतो, म्हणून समुद्रावरून सरकणारा धुळीचा पट्टा उपग्रहचित्रात फिकट तपकिरी दिसतो. उजळ, कोरड्या जमिनीवर मात्र तो मिसळून जातो. अशा वेळी अवरक्त किरणांचा आधार घ्यावा लागतो. सुमारे ११ व १२ मायक्रोमीटर तरंगलांबींवर मोजलेली तापमाने ताडून पाहिली, तर विरळ हिमकणांच्या ढगात ११ वरचे तापमान अधिक भरते. खनिज धुळीत बहुधा याच्या उलट घडते. ढग आणि धूळ यांतील भेद येथे उमगतो, तोही रात्रीसुद्धा. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील आपला इन्सॅट-३डी हा भूस्थिर उपग्रह दर अर्ध्या तासाने चित्र घेत असे. त्यामुळे पट्ट्याची वाटचाल टप्प्याटप्प्याने जुळवता येई.

धुराचे तंत्र वेगळे आहे. त्याचे बहुतेक कण एका मायक्रोमीटरहूनही बारीक असल्याने अवरक्त किरण त्यांतून जवळजवळ विनाअडथळा जातात. म्हणून दिवसा दृश्य प्रकाशात धूर पाहावा आणि त्याचे मूळ आगीच्या उष्णतेवरून शोधावे, हा मार्ग. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था याच रीतीने उपग्रहांनी टिपलेल्या वणव्यांच्या सूचना वनविभागाला पाठवते. परंतु नाशिकभोवतीच्या डोंगरांवरील वाळल्या गवताचा वणवा तासाभरात विझला, तर दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत तो निसटूही शकतो. चित्रात ठिपका नाही म्हणजे वणवा नव्हता, असे मानणे घाईचे होय.

याहून मोठी मर्यादा उंचीची. उपग्रह वरून खाली संपूर्ण हवेच्या स्तंभातील कणांचा अंदाज देतो. त्यांतील किती कण आपल्या नाकापर्यंत पोहोचतात, हे त्यावरून थेट सांगता येत नाही. धुळीचा थर दोन किलोमीटर उंचीवरून निघून गेला, तर सूर्य फिका दिसेल, पण अंगणातील हवा फारशी बिघडणार नाही. दम्याच्या रुग्णाने घराबाहेर पडावे की नाही, हे ठरवण्यासाठी जमिनीवरील हवामापन केंद्राचा आकडाच पाहावा लागतो. धूळ कोठून आली हे मात्र तो आकडा सांगत नाही.

कृती : नासाच्या 'वर्ल्डव्ह्यू' या संकेतस्थळावर २२, २३ व २४ जानेवारी २०२२ ही चित्रे क्रमाने उघडा. अरबी समुद्रावरील पट्ट्याची कडा दररोज कोठे होती, ते नकाशावर पेन्सिलीने आखा आणि ढग कोणते व धूळ कोणती, हे कशावरून ठरवले ते चार-पाच वाक्यांत लिहा.