गाळातले पाणी पिळणारे यंत्र

जिवतीच्या पहाडावर उन्हाळा लागला, की कोलाम गुड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट सुरू होते. पहाड उतरून राजुऱ्यामार्गे बल्लारपूरला गेले, की वर्धा नदीजवळ कागदाचा जुना कारखाना दिसतो. कागद हा मुळात पाण्याचाच धंदा. बांबू-लाकूड शिजवा, लगदा धुवा, तो पातळ करून जाळीवर पसरा. प्रत्येक पायरीवर पाणी लागते. बाहेर पडताना ते बारीक तंतू आणि लाकडातले तपकिरी लिग्निन सोबत नेते. असे पाणी शुद्ध न करता सोडले, तर नदीकाठच्या गावांनी काय प्यायचे? उद्योगांच्या या पट्ट्यातले चंद्रपूर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या यादीत ८३.८८ गुणांसह देशात चौथे होते.

शुद्धीकरणात वरचे पाणी निवळते, जिवाणू त्यातली सेंद्रिय घाण खातात. खरी डोकेदुखी तळाशी उरते, ती म्हणजे गाळ. नावाला गाळ, त्यात ९७-९८ टक्के पाणीच असते. इथे सेंट्रिफ्यूज कामी येते.

डेअरीत दुधातून साय वेगळी करणारे यंत्र अनेकांनी पाहिले असेल. स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांनी ते १८७८ मध्ये घडवले. गाळाचे यंत्र त्याच कुळातले. आडवा पोलादी पिंप मिनिटाला ३,००० फेरे घेतो. पिंपाचा व्यास अर्धा मीटर असेल, तर आतल्या कणांवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे अडीच हजारपट जोर येतो. जड कण भिंतीला चिकटतात, आतला स्क्रू किंचित वेगळ्या गतीने फिरून ते खरवडत बाहेर ढकलतो, आणि पाणी दुसऱ्या टोकाने निघते. कण एकत्र यावेत म्हणून आधी पॉलिमर मिसळतात. तो कमी पडला तर पाणी गढूळच येते.

हिशेब साधा आहे. २ टक्के घन असलेल्या १०० टन गाळातून २० टक्क्यांचा १० टन लगदा उरतो, ९० टन पाणी सुटते. ते पुन्हा शुद्धीकरणाच्या टाकीत जाते, नंतर कारखान्यात वापरता येते. तंतूंचा लगदा जाड पुठ्ठ्याला चालतो.

मात्र पाण्यात विरघळलेले क्षार कितीही गरगर फिरवले तरी खाली बसत नाहीत. त्यासाठी पुढे पडद्याची गाळणी किंवा बाष्पीभवन लागते, आणि विजेचे बिल तिथेच फुगते.