कुत्रा सोबत, सीमा बंद

ऑक्टोबर सरत आला की इंग्लंड, नेदरलँड्स, जर्मनीतल्या कॅम्पर व्हॅन दक्षिणेची वाट धरतात. स्पेनचा भूमध्य किनारा, अंदालुसिया, पोर्तुगालचं अल्गार्व्ह, आणि हौस दांडगी असेल तर सामुद्रधुनी ओलांडून मोरोक्को. मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम तिकडेच. व्हॅनमध्ये बहुधा निवृत्त जोडपं आणि मागे पाय पसरून झोपलेला कुत्रा. त्याला चार-पाच महिने कुणाकडे ठेवणं खिशाला परवडत नाही आणि मनालाही. हॉटेलवाले कुत्रा म्हटलं की नाक मुरडतात, व्हॅनमध्ये मात्र तो घरचाच. मार्च 2020मध्ये कोविडमुळे युरोपातले देश एकापाठोपाठ एक बंद झाले, तेव्हा ही सगळी मंडळी घरापासून दोन-अडीच हजार किलोमीटरवर होती.

त्यानंतरची दोन वर्षं असा प्रवास कसा चालला, हे बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. माणसांचे नियम पंधरवड्याला बदलत होते. कुत्र्यांचे रेबीजचे आणि जंतांचे नियम त्या-त्या आजाराच्या गतीवर बेतलेले, त्यांना कोविडशी देणंघेणं नव्हतं. म्हणून माझ्या मते या प्रवासाचं वेळापत्रक माणसाच्या बाजूने लावून भागत नव्हतं. ते कुत्र्याच्या कागदांवरून, आणि तेही परतीच्या तारखेपासून मागे मोजत लावावं लागे.

आधी 2020चा वसंत. स्पेनमध्ये 14 मार्चला आणीबाणीची स्थिती जाहीर झाली आणि विनाकारण घराबाहेर पडायला बंदी आली. आता व्हॅन हे घर की वाहन? रस्त्यावर ते वाहन, त्यामुळे पोलीस अडवणार. कॅम्पसाइटवर उभं असलं तर घर, पण 19 मार्चच्या आदेशाने हॉटेलांबरोबर कॅम्पसाइटही आठवडाभरात रिकाम्या करायला सांगितलं. त्यात एक पळवाट होती. हंगामभरासाठी मुक्कामाला आलेल्यांना आणि रोजचं जगणं आपल्या साधनांनी चालवू शकणाऱ्यांना राहू द्यायची मुभा होती. चार महिन्यांचं भाडं आगाऊ भरून एकाच जागी तळ ठोकलेले म्हातारे त्यामुळे निवांत राहिले, आणि दर दोन दिवसांनी जागा बदलणारे हौशी फिरस्ते उघड्यावर पडले. एरवी हे फिरस्ते तळ ठोकणाऱ्यांना हसतात.

कुत्रा असणाऱ्यांना आणखी एक सवलत होती: त्याला फिरवायला बाहेर पडता येई. नियम साधा. एकच माणूस, जवळपास, थोडा वेळ, कुत्रा पट्ट्याला. कुत्र्याने लघवी केली तर त्यावर ओतायला पाण्याची बाटली बरोबर. मुलांना सहा आठवडे दाराबाहेर पाऊल टाकायला मिळालं नाही आणि कुत्रे दिवसातून तीनदा फिरून येत होते, यावर स्पेनमध्ये बरीच कुरकुर झाली. पालेन्सिया शहरात तर एक गृहस्थ पट्टा बांधून खेळण्यातला कुत्रा फिरवताना पोलिसांना दिसले. फ्रान्समध्ये बाहेर पडायचं तर स्वतःच सही केलेला दाखला लागे. आपल्याकडे जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता, तिथे दूध आणायलाही तसा कागद. त्यात कारणांपुढे चौकोन असत आणि पाळीव प्राण्याच्या गरजा हे त्यातलं एक कारण. हद्द एक किलोमीटर, मुदत एक तास.

सगळ्यात वाईट अडकले ते मोरोक्कोत. मार्चच्या मध्याला स्पेनकडे जाणाऱ्या बोटी थांबल्या आणि सेउता या मोरोक्कोलगतच्या स्पॅनिश शहराच्या नाक्याबाहेर व्हॅनच्या रांगा लागल्या. माणसांसाठी पुढे बोटी सोडल्या गेल्या, पण कुत्र्याची गोष्ट वेगळी. रेबीजच्या बाबतीत युरोपियन युनियन ज्या देशांवर भरवसा ठेवतं त्यांच्या यादीत मोरोक्को नाही. तिथून परतणाऱ्या कुत्र्याच्या रक्तात लसीची प्रतिकारशक्ती पुरेशी आहे, म्हणजे मिलिलिटरला किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक, याचा प्रयोगशाळेचा दाखला लागतो. लस दिल्यावर निदान 30 दिवसांनी रक्त घ्यायचं. ही तपासणी युरोप सोडण्याआधीच करून पासपोर्टवर नोंदवली असेल तर परतताना अडचण नाही. मोरोक्कोत पोचल्यावर केली तर रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबावं लागतं. बोट सुटायला दोन तास असताना हे कळून उपयोग काय?

1 जानेवारी 2021पासून ब्रिटिशांसाठी आणखी एक घोळ झाला. ब्रेक्झिटची मुदत संपली आणि ब्रिटनमध्ये काढलेला कुत्र्याचा पासपोर्ट युरोपात शिरायला चालेनासा झाला. आदल्या शरद ऋतूत निघालेल्यांना परतताना तो चालणार होता, नव्याने निघणाऱ्यांना नाही. त्याऐवजी आलं पशुआरोग्य प्रमाणपत्र. त्याची साखळी अशी: आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, आणि लसीनंतर 21 दिवस. क्रम उलटला, लस आधी आणि चिप नंतर झाली, तर ती लस हिशेबात धरत नाहीत, कारण ती नेमक्या याच कुत्र्याला दिली याला पुरावा नाही. मग सरकारमान्य पशुवैद्याने सही करायची, आणि त्या सहीपासून दहा दिवसांत युरोपात पाऊल ठेवायचं. त्यानंतर चार महिने हा कागद युरोपात फिरायला आणि ब्रिटनला परतायला चालत असे. पुढच्या फेरीला नवा कागद, आणि दर वेळी शंभर पौंडांच्या वर खर्च.

या कागदातली एक बारीक अट महामारीत फार महागात पडण्यासारखी होती. प्रमाणपत्र इंग्रजीबरोबर ज्या देशातून युरोपात शिरणार त्या देशाच्या भाषेत हवं. सांतान्देरची बोट धरणार म्हणून स्पॅनिश प्रत काढली, आणि ऐन वेळी फेरी रद्द झाली म्हणून डोव्हरहून कॅलेला जायचं ठरवलं, तर फ्रेंच प्रत लागणार. डॉक्टरांची पुन्हा भेट, पुन्हा फी. त्यात लॉकडाऊनमध्ये दवाखाने चालू असले तरी वेळ घेतल्याशिवाय दार उघडत नसत. कुत्रा दारात डॉक्टरांच्या हाती द्यायचा आणि आपण गाडीत बसून फोनवर बोलायचं.

गंमत अशी की या कागदाने कुत्र्याला चार महिने मिळत, आणि मालकाला 180 दिवसांतले फक्त 90. ब्रिटिश नागरिक आता बाहेरचे ठरल्यामुळे शेंगेनचा हा हिशेब त्यांच्याही मागे लागला. इंग्लंडात राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारक मराठी कुटुंबांना तो नवा नव्हता. त्यांना आधी शेंगेन व्हिसा काढावा लागतो आणि त्यावरही कमाल 90 दिवसच. हे 180 दिवस कॅलेंडरच्या सहामाहीने मोजत नाहीत. आजचा दिवस धरून मागे 180 मोजायचे आणि त्यात आपण किती दिवस आत होतो ते पाहायचं. दोन-अडीच महिन्यांसाठी गेलेला माणूस सीमा बंद झाली म्हणून महिनाभर अडकला की हे गणित कोलमडतं. आणि सीमा खरंच बंद होत होत्या: पोर्तुगाल आणि स्पेनमधली जमिनीवरची हद्द 31 जानेवारी 2021पासून 1 मेपर्यंत मोजक्या कारणांखेरीज बंद होती. शिवाय पोर्तुगालने त्याच जानेवारीत नेमून दिलेल्या जागेबाहेर व्हॅनमध्ये रात्र काढायलाही मनाई केली. ती ऑगस्टमधल्या नव्या कायद्याने सैल झाली.

आता परतीचा आठवडा, जिथे सगळे धागे एकत्र येतात. ब्रिटनमध्ये शिरणाऱ्या कुत्र्याला टेपवर्म जातीच्या एका जंतावरचं औषध पोचण्याच्या किमान 24 तास आणि कमाल 120 तास आधी डॉक्टरांच्या हातून द्यावं लागतं. औषध प्राझिक्वान्टेल, साधी गोळी. पण तिची तारीख आणि वेळ डॉक्टरांनी शिक्का मारून नोंदवायला हवी. हा जंत ब्रिटनमध्ये नाही आणि माणसाच्या यकृतात घर करतो, म्हणून इतकी कडक शिस्त.

समजा सांतान्देरहून निघालेली बोट रविवारी संध्याकाळी 6 वाजता पोर्ट्समथला लागणार आहे. मग गोळी मंगळवारी संध्याकाळी 6च्या आधी नको आणि शनिवारी संध्याकाळी 6च्या नंतर नको. शनिवारी तुम्ही बोटीवर, तिथे डॉक्टर नाही. मंगळवारी रात्री दिली तर बोट अर्धा दिवस रखडली तरी मुदत टळते. गुरुवारी दुपारी 12 वाजता दिली तर शुक्रवारी दुपारी 12पासून पुढच्या मंगळवारी दुपारी 12पर्यंत कधीही पोचा. दोन्ही बाजूंना हात मोकळा. 18 जानेवारी 2021पासून इंग्लंडला येणाऱ्या माणसालाही निघण्याआधीच्या तीन दिवसांत केलेली कोविडची चाचणी निगेटिव्ह असावी लागे. शनिवारची बोट म्हणजे गुरुवारी-शुक्रवारी नाकात काडी. एकाच गावात, एकाच दिवशी, सकाळी माणसांची प्रयोगशाळा आणि दुपारी कुत्र्याचा दवाखाना, असं जमलं की अर्धी लढाई जिंकली. एकच जपायचं: स्पेनचं घड्याळ ब्रिटनच्या एक तास पुढे असतं, आणि डॉक्टर लिहितात ती वेळ स्पेनची.

बोटीवर कुत्र्यांना चालणाऱ्या केबिन मोजक्याच आणि त्या कित्येक महिने आधी भरतात. ती मिळाली नाही तर कॅलेपर्यंत गाडी हाकत जाऊन बोगद्यातली रेल्वे धरायची. तिच्यात 35 मिनिटं सगळे आपापल्या गाडीतच बसतात, कुत्राही. कोविडच्या काळात हा मार्ग अनेकांना आवडला तो त्यासाठीच: दुसऱ्या माणसाच्या जवळ जायची वेळच येत नाही.

मधल्या महिन्यांचं रोजचं जगणं मात्र नळ, बॅटरी आणि गॅसवर चालतं. एरवी दर दोन-तीन दिवसांनी पाणी भरायला आणि संडासाची टाकी रिकामी करायला कॅम्पसाइटवर जाता येतं. त्या बंद झाल्या की टाकीच्या मापात जगावं लागतं. दोघांच्या वापरात सुमारे 20 लिटरची संडासाची कॅसेट तीन-चार दिवसांत भरते. पिण्याच्या पाण्यात कुत्र्याचाही वाटा असतो: 20 किलोच्या कुत्र्याला दिवसाला लिटरभर, उन्हात जास्त. वीज म्हणजे 12 व्होल्टची 100 अँपिअर-तासांची बॅटरी. साधी शिसे-आम्लाची असेल तर निम्मीच वापरावी, नाहीतर ती लवकर मरते. हाताशी राहतात 600 वॉट-तास, आणि छोटा फ्रीजच त्यातले दिवसाला तीन-चारशे खातो. छतावर सपाट बसवलेलं 100 वॉटचं सौर पॅनेल दक्षिण स्पेनमध्ये डिसेंबरातही दिवसाला दोनशेच्या आसपास देतं, इंग्लंडात त्याच्या चौथाई. एका जागी अडकलेल्या माणसाला गाडी चालवून बॅटरी भरायची सोय नसते, म्हणून दुसरं पॅनेल ही चैन नव्हे. गॅसमध्ये ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचा थांबतो, प्रोपेन उणे 42पर्यंत चालतो. पहाटे स्पेनच्या पठारावर चहा हवा असेल तर प्रोपेनच भरावा.

कुत्र्याच्या तब्येतीला दक्षिणेत दोन खरे धोके आहेत. पहिला पाइनच्या झाडांवरचा. जानेवारी ते एप्रिल झाडांवर पांढऱ्या रेशमी गोळ्यांसारखी घरटी दिसतात, त्यांतून सुरवंट उतरतात आणि एकामागे एक, नाक-शेपूट जोडून रांगेने चालतात. कुत्रा हुंगायला जातोच. त्यांचे केस जिभेला लागले की जीभ सुजते, काळी पडते, वेळेत उपचार झाले नाहीत तर तुकडा गळून पडतो. अशा वेळी भरपूर पाण्याने तोंड धुवायचं, चोळायचं नाही, आणि थेट डॉक्टर. लॉकडाऊनमध्ये फिरायला तेवढाच पाइनचा पट्टा जवळ असेल तर तोंडाला जाळी बांधलेली बरी.

दुसरा धोका वाळूमाशीचा, लिशमॅनिया. बिहारातला काळा आजार याच कुळातला. माशी तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत फिरते आणि डासांच्या नेहमीच्या जाळीतून सहज आत येते, म्हणून बारीक जाळी लागते. मे ते ऑक्टोबर तिचा हंगाम, म्हणजे हिवाळी पाहुण्यांशी तिची सहसा गाठ पडत नाही. पण 2020मध्ये अनेकांचा मुक्काम उन्हाळ्यापर्यंत लांबला आणि तिचा हंगाम सुरू झाला. उपाय डेल्टामेथ्रिनचा गळपट्टा. तो पूर्ण काम करू लागायला आठवडाभर लागतो, त्यामुळे आधीच बांधावा. व्हॅनमध्ये मांजरही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधू नये, मांजराला अशी औषधं बाधतात. हा आजार कुत्र्याच्या अंगात महिनोन्‌महिने, कधी वर्षंही, गुपचूप राहू शकतो. ब्रिटनमधल्या डॉक्टरांना तो रोज दिसत नाही, त्यामुळे कुत्र्याचं वजन उतरू लागलं, डोळ्यांभोवतीचे केस गेले किंवा नखं भराभर वाढू लागली, तर कुत्रा एक उन्हाळा स्पेनमध्ये होता हे त्यांना आपणहून सांगावं आणि रक्त तपासून घ्यावं.