बागकामापलीकडचे शिक्षण : लँडस्केप आर्किटेक्चर

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीतील पालकांपुढे दोनच रस्ते असतात, डॉक्टर किंवा इंजिनिअर. गुण कमी पडले तर बी.ए. करून स्पर्धा परीक्षा. अलीकडे मात्र काही मुले-मुली लँडस्केप आर्किटेक्चरची चौकशी करू लागली आहेत. नाव भारदस्त आहे. पण त्याचा अर्थ 'बागा लावणे' एवढाच घेतला जातो, आणि दोन-तीन महिन्यांच्या वर्गाला भरमसाट फी भरून मोकळे होणारेही आढळतात. अशा वर्गात लॉन लावणे, कुंड्या मांडणे शिकता येईल. पदवी मिळत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

इमारत उभी राहिल्यावर उरलेल्या जागेत हिरवळ पसरणारा तो लँडस्केप आर्किटेक्ट, ही समजूत प्रथम काढून टाकली पाहिजे. त्याचे काम इमारतीच्या आधी सुरू होते. जमिनीचा उतार कोणीकडे, पावसाचे पाणी कोठून येते व कोठे जाते, माती कोणती, जुनी झाडे कोणती, लोकांची पायवाट कोठून जाते हे पाहून इमारत कोठे असावी, रस्ता कोठून न्यावा आणि कोणती जागा मोकळीच सोडावी हे ठरवायचे. मुंबईकरांना याचे उदाहरण घरचेच आहे. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी शहराचा कचरा टाकला जात असे. १९७७ साली ते बंद झाले. पुढे त्याच कचऱ्याच्या ढिगावर झाडे जगवली गेली आणि १९९४ साली सुमारे ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. ही नुसती बागकामाची गोष्ट नव्हे. आणि याच मिठी नदीने २६ जुलै २००५ रोजी काय केले तेही आपण विसरलेलो नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाण्याला जायला वाटच नव्हती. नदीकाठच्या सखल वस्त्यांनी ते भोगले.

या व्यवसायाला नाव मिळाले ते अमेरिकेत. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हा गृहस्थ आधी शेतकरी, मग पत्रकार. कॅल्व्हर्ट वॉक्स या वास्तुशास्त्रज्ञाबरोबर त्याने केलेला आराखडा १८५८ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी निवडला गेला. खडक आणि दलदल यांतून उभे केलेले हे ८४३ एकरांचे उद्यान जगभर वाखाणले जाते. मात्र त्या जागेवर सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती, बहुतांश काळ्या लोकांची, त्यांतल्या अनेकांच्या मालकीच्या घरांची. १८५७ साली ती उठवण्यात आली. सुंदर नकाशा पाहताना खाली कोणाची घरे होती हेही विचारावे लागते, आणि आपल्या मुलांना हा प्रश्न शिकवावा लागणार नाही असे मला वाटते.

हार्वर्ड विद्यापीठाने १९०० साली या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. आज अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत बारावीनंतर थेट चार किंवा पाच वर्षांची लँडस्केप आर्किटेक्चरची पदवी मिळते. या पदवीचा कणा म्हणजे स्टुडिओ. वर्गात बसून टिपणे घेण्यापेक्षा आठवड्याचे कित्येक तास ड्रॉइंग टेबलापाशी जातात. एक खरी जागा दिली जाते; विद्यार्थ्याने ती पायी फिरून पाहायची, मोजायची, नकाशा काढायचा आणि आपली योजना शिक्षकांपुढे मांडून टीका ऐकायची. कोकणातला डोंगर घ्या. समान उंचीच्या ठिकाणांना जोडणाऱ्या रेषा नकाशावर काढल्या की जेथे त्या दाटीने येतात तेथे चढ उभा, जेथे विरळ होतात तेथे जमीन सपाट. या रेषा वाचता आल्या की कोठे खोदायचे, कोठे भर घालायची, पाणी कोठे वळवायचे हे कागदावरच कळते. अपंगांच्या चाकाच्या खुर्चीसाठी उतरण करायची तर एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, असे बारीक हिशेबही त्यातच येतात.

इयान मॅकहार्ग यांनी १९६९ साली 'डिझाइन विथ नेचर' या पुस्तकात एक साधी युक्ती मांडली. माती, पाणी, उतार, झाडी यांचे वेगवेगळे नकाशे पारदर्शक कागदावर काढून एकावर एक ठेवायचे. जेथे रंग गडद दिसेल तेथे बांधकाम टाळायचे. आता हेच काम संगणक करतो, पण विचार तोच शिकवला जातो. याशिवाय वनस्पतींची ओळख, मृदाशास्त्र, भिंती-पायऱ्या-फरसबंदीचे बांधकाम, इतिहास आणि खर्चाचे अंदाजपत्रक हे विषय असतात.

आता आपल्याकडचे. भारतात हा विषय बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पातळीवरच शिकवला जातो. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये, अहमदाबादच्या सेप्टमध्ये आणि पुण्याच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयात, जे केवळ मुलींसाठी आहे, तो आहे. म्हणजे आधी पाच वर्षांचे बी.आर्क., मग दोन वर्षे लँडस्केप, हा आपला राजमार्ग. बी.आर्क.साठी बारावीला गणित व भौतिकशास्त्र हवे आणि नाटासारखी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. माझ्यासारख्या कला शाखेवाल्याला येथे प्रवेश नाही, म्हणून अकरावीतच विचार करावा. दुसरी वाटही आहे. परदेशात तीन वर्षांची अशी पदव्युत्तर पदवी असते की जिला कृषी, वनस्पतिशास्त्र, भूगोल अशा कोणत्याही शाखेचे पदवीधर चालतात.

पैशाचे गणित याच ठिकाणी समजून घ्यावे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या दोन्ही पदव्युत्तर शिक्षण व पीएच.डी.साठी आहेत. बारावीनंतर थेट परदेशी पदवीला जाणाऱ्यास त्यांचा उपयोग नाही. बँकेत शैक्षणिक कर्जाचे अर्ज रोज डोळ्यांखालून जातात; साडेसात लाखांच्या वर गेले की घर किंवा जमिनीचे तारण मागितले जाते आणि आपल्यातले किती जण ते देऊ शकतात? तेव्हा पहिली पदवी इथे, भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर किंवा फ्रीशिपवर, आणि परदेशवारी दुसऱ्या पदवीसाठी, हाच क्रम मला व्यवहार्य वाटतो. मात्र फी माफ झाली तरी कागद, मॉडेलचे साहित्य, छपाई आणि अभ्याससहली यांचा खर्च चालूच राहतो. पालकांनी तो आधीच धरावा. नोकरीतला सुरुवातीचा पगारही बेताचाच असतो. ज्याला उन्हात हिंडायची आणि रात्री जागून चित्रे काढायची आवड आहे त्यानेच या वाटेला जावे.

एक सूचना. प्रवेशाच्या वेळी जात वैधता प्रमाणपत्र मागतात. निकालानंतर धावपळ करण्यापेक्षा अकरावीतच अर्ज द्यावा, आणि वडिलांच्या, आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांच्या प्रती आत्तापासून शोधून ठेवाव्यात.