धावपटूची शिदोरी

१९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यतीत १९ वे आले. एवढे अंतर मनुष्य कोणत्या बळावर कापतो? भाकरीचे, भाताचे पिष्ट ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत व यकृतात साठते. वेगाने धावणाऱ्याची ही शिदोरी सुमारे दोन तासांत सरते. मग पाय उचलेनासे होतात. आधीचे काही दिवस पिष्टमय आहार वाढविला तर साठा वाढतो, हे स्वीडनमधील संशोधकांनी १९६७ साली दाखविले. आपल्याकडे दबदबा मात्र पहिलवानी खुराकाचा! तो आखाड्यात शोभतो. लांब धावेपूर्वी खाल्लेले तूप पोटात रेंगाळते. गंमत अशी, की एकादशीची रताळी या कामी बदामांहून सरस. भरपेट जेवण मात्र धावण्यापूर्वी तीन-चार तास उरकलेले असावे आणि परतल्यावर वरणभातास फार विलंब लावू नये.