कलासंबद्ध प्रकाशीय ग्राही, संकलित

प्रकाशीय तंतूतून आलेल्या लेसर प्रकाशाचा परमप्रसर (तरंगाची महत्तम उंची), कला (आवर्तनातील स्थिती) व ध्रुवण (कंपनाची दिशा) ही तिन्ही ओळखून त्यांवरून मूळ संदेश परत मिळविणाऱ्या साधनास कलासंबद्ध ग्राही म्हणतात. त्यातील प्रकाशीय घटक एकाच अर्धसंवाहक चकतीवर घडविलेले असल्यास तो संकलित ग्राही होय.

तत्त्व : साध्या ग्राहीतील प्रकाश द्विप्रस्थ (प्रकाश पडताच विद्युत् प्रवाह देणारा घटक) केवळ तीव्रता मोजतो, कलेची माहिती त्यात नष्ट होते. ती टिकविण्यासाठी आलेल्या प्रकाशात जवळजवळ त्याच कंप्रतेच्या स्थानिक लेसरचा प्रकाश मिसळतात. दोहोंच्या व्यतिकरणातून मिळणारा विद्युत् संकेत त्यांच्या परमप्रसरांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. म्हणून स्थानिक लेसर प्रबळ असल्यास क्षीण संदेशही विवर्धकाच्या गोंगाटातून वर येतो. या गुणामुळे १९८०–९० या दशकात या पद्धतीवर पुष्कळ संशोधन झाले. परंतु १९८७ च्या सुमारास अर्बियमयुक्त तंतू विवर्धक पुढे आल्यावर तिची निकड कमी झाली. जलद अंकीय मंडले उपलब्ध झाल्यावर २००८ च्या सुमारास ती व्यापारी उपयोगात आली.

अभिकल्प : आलेला प्रकाश प्रथम परस्परांस लंब अशा दोन ध्रुवणांत विभागतात. प्रत्येक भाग स्थानिक प्रकाशाशी मिसळून ९०° कलांतराचे दोन घटक वेगळे काढतात. प्रत्येक घटकासाठी द्विप्रस्थांची एक जोडी, याप्रमाणे आठ द्विप्रस्थांपासून चार विद्युत् संकेत मिळतात. जोडीतील दोन्ही द्विप्रस्थांवर समान प्रकाश न पडल्यास स्थानिक लेसरच्या तीव्रतेतील चढउतार परस्परांस पूर्णपणे रद्द करीत नाहीत. मार्गांची लांबीही समान असावी लागते. सेकंदास ३२ अब्ज चिन्हे येत असल्यास एका चिन्हास सु. ३१ पिकोसेकंद (१ पिकोसेकंद = १०⁻¹² सेकंद) मिळतात; सिलिकॉनमधील सूक्ष्म तरंगमार्गात १ मिमी. अंतरास प्रकाशाला सु. १३ पिकोसेकंद लागतात. सुटे भाग तंतूंनी जोडून असा काटेकोरपणा साधणे अवघड असते. चकतीवर मात्र तो आरेखनातच आणता येतो.

इंडियम फॉस्फाइडात लेसर व द्विप्रस्थ दोन्ही घडविता येतात. सिलिकॉन स्वस्त उत्पादनास सोयीचे आहे. परंतु १·५५ मायक्रोमीटर तरंगलांबीस ते पारदर्शक असल्याने द्विप्रस्थांसाठी जर्मेनियमाचा थर द्यावा लागतो व लेसर वेगळा जोडावा लागतो.

विद्युत् शक्तीचा प्रश्न : चारही संकेतांचे सामान्यतः अंकीय रूपांतर करून तंतूतील अपस्करण, ध्रुवणाचे भ्रमण व दोन लेसरांच्या कंप्रतांमधील फरक यांचे परिणाम गणनेने दूर करतात. दूर अंतरास हा खर्च परवडतो. पण संगणक केंद्रांतील असंख्य आखूड दुव्यांत शक्तिव्यय व उष्णता अडचणीची ठरते. यावर पवई (मुंबई) येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शलभ गुप्ता व त्यांचे सहकारी यांनी अंकीय रूपांतर टाळून हे संस्करण सदृश (संतत बदलणाऱ्या संकेतांवर चालणाऱ्या) मंडलांनी करण्याचे संशोधन केले. सेकंदास १०० अब्ज बिट घेणाऱ्या अशा अल्पशक्ती ग्राहीविषयीचे त्यांचे कार्य २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. दीर्घ तंतूतील मोठे अपस्करण या मार्गाने दूर करणे कठीण असते; त्यामुळे ग्राहीचा अभिकल्प अखेर दुव्याच्या लांबीवरच ठरतो.