जुन्या पुस्तकांचा बाजार आणि कागदाची साक्ष

जुनें पुस्तक म्हणजे महाग पुस्तक, अशी पुष्कळांची समजूत असते. दुर्मिळ पुस्तकांच्या व्यापारांत मात्र नुसत्या वयाला फारसें मोल नाहीं. दोनशें वर्षांपूर्वींचे इंग्रजी प्रवचनसंग्रह आजहि अल्प किंमतींत मिळतात. उलट एखाद्या कवीच्या पहिल्यावहिल्या लहानशा चोपडीवर श्रीमंत संग्राहकांच्या उड्या पडतात. तिला मागणी असते, प्रती मोजक्या असतात, आणि हीच ती पहिली आवृत्ति अशी ग्राहकाची खात्री असते. यांपैकीं तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. ती खात्री देतो कोण? बहुधा एखादा जाणकार सूचिकार. तोच लबाड निघाला तर काय होतें, हें लंडनच्या थॉमस जेम्स वाइझ (१८५९-१९३७) या गृहस्थानें दाखवून दिलें.

वाइझ हा मूळचा सुगंधी तेलांचा व्यापारी. परंतु इंग्रजी कवींच्या त्यानें केलेल्या ग्रंथसूची दुकानदारांना प्रमाण वाटत. त्याच्या कारस्थानाची खुबी अशी कीं, त्यानें असलेल्या पुस्तकाची नक्कल केली नाहीं. कधीं नसलेलेंच पुस्तक निर्माण केलें. टेनिसन, ब्राउनिंग, रस्किन यांची एखादी कृति घ्यावयाची, ती चोपडीच्या रूपानें छापावयाची, आणि मुखपृष्ठावर खऱ्या पहिल्या आवृत्तीच्या आधींचें साल घालावयाचें. ताडून पाहण्यास मूळ प्रतच नाहीं. मग शंका येणार कोणाला? पुढें स्वतःच्या सूचींत तिची नोंद करावी, एखादी प्रत ब्रिटिश म्युझियमला द्यावी, आणि बाकीच्या हळूहळू बाजारांत सोडाव्या.

सर्वांत गाजली ती एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग हिच्या प्रेमसुनीतांची चोपडी. तिच्यावर ‘रेडिंग, १८४७’ असें छापलेलें होतें. वस्तुतः हीं सुनीतें प्रथम १८५० मध्यें प्रसिद्ध झालीं.

जॉन कार्टर व ग्रॅहॅम पोलार्ड या दोघां तरुण पुस्तकविक्रेत्यांना संशय आला तो प्रतींच्या कोरेपणामुळें. कवयित्रीच्या हस्ताक्षरांत कोणास भेट दिलेली एकहि प्रत आढळेना. त्या काळची बांधणी कोठें दिसेना. त्यांनीं कागद सूक्ष्मदर्शकाखालीं तपासविला. १८४७ चा इंग्रजी कागद चिंध्यांचा असावयास हवा. एस्पार्टो गवताचा उपयोग १८६१ च्या सुमारास सुरू झाला, आणि रसायनांत शिजवलेला लांकडाचा लगदा तर १८७४ नंतरचा. ‘रेडिंग’च्या चोपडींत निघाला तो लांकडाचा लगदा! खिळ्यांचीहि साक्ष तशीच पडली. अक्षरांचें तें वळण १८८० नंतरचें होतें. १९३४ मध्यें दोघांनीं हें सारें ग्रंथरूपानें मांडलें. वाइझला त्यांत उघडपणें बनावटखोर म्हटलेलें नाहीं. परंतु वाचणाऱ्यास दुसरें नांव सुचूं नये, अशी मांडणी होती.

वाइझनें कबुली दिली नाहीं. १९३७ मध्यें तो वारला आणि त्याचा संग्रह ब्रिटिश म्युझियमनें ६६,००० पौंडांस घेतला. पुढें १९५९ मध्यें डेव्हिड फॉक्सन यांनीं दाखवून दिलें कीं, जुन्या नाटकांच्या आपल्या अपुऱ्या प्रती पुऱ्या करण्यासाठीं म्युझियमच्या प्रतींतून दोनशेंहून अधिक पानें काढून घेण्यांत आलीं होतीं. म्हणजे त्यांतलीं कांहीं पानें म्युझियमनें स्वतःचींच पुन्हां पैसे मोजून घेतलीं!

‘रेडिंग’च्या चोपडीला आजहि गिऱ्हाईक आहे. फक्त विक्रीच्या यादींत आतां तिच्यापुढें वाइझचें नांव असतें.