सालीचा रंग पाहून ठरवा

कच्च्या केळ्याची भाजी चिकट होते, गिच्च होते, चव लागत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुतेक वेळा शिकरणाचीच केळी हिरवी असताना घरी आणलेली असतात. ती शिजतात, खायलाही चालतात, पण दोन मिनिटं जास्त झाली की लगदा. भाजीवाल्याकडे ‘भाजीची केळी’ असं स्पष्ट मागावं. जाड सालीची, बाकदार, हात फिरवला की कडा लागतील अशी. कोकणात हे काम राजेळी करते, केरळात नेंद्रण. दोन्ही एकाच कुळीतली. मुंबईत माटुंग्याच्या बाजारात किंवा गल्लीतल्या एखाद्या मल्याळी दुकानात नेंद्रण टांगलेली दिसते. महाग वाटते, पण एका फणीत चार वेगवेगळे पदार्थ होतात, कारण साल हिरव्यावरून पिवळी आणि पिवळ्यावरून काळी होत जाते तसं आतलं केळंही बदलत जातं.

कच्च्या केळ्यात साखर नावाला आणि पिष्ट भरपूर. पिकताना या पिष्टाची साखर होत जाते. शिकरणाच्या केळ्यात ती जवळजवळ पुरती होते. राजेळी-नेंद्रणात मात्र पिकल्यावरही बरंच पिष्ट मागे राहतं. म्हणून पिकलेली राजेळी तुपात परतली तरी फोडी अखंड राहतात.

आधी हिरवी साल. हाताला गोडंतेल चोळल्याशिवाय चिरायला बसू नये. चिकाचे डाग बोटांवरून लवकर जात नाहीत, कपड्यांवरून तर जातच नाहीत. साल काढायला सोलाणं उपयोगाचं नाही. देठ आणि शेंडा कापून कडेवर लांब चीर द्यावी आणि अंगठा घालून साल उचकटावी. फोडी थेट ताक घातलेल्या पाण्यात टाकाव्यात. चिरलेल्या गराला हवा लागली की तो काळा पडतो. ताकाच्या आंबटपणाने ते लांबतं. एवढी उस्तवार नको असेल तर सालीसकट दोन तुकडे करून उकडावेत, साल हाताने सुटून येते.

उपासाची भाजी सगळ्यांना येते: तुपात जिरं, हिरवी मिरची, फोडी, वर दाण्याचं कूट, ओलं खोबरं, किंचित साखर. चुकतं ते ढवळण्यात. कढईवर ताटली ठेवून तीत पाणी घालावं, वाफेवर शिजू द्यावं आणि झारा शक्यतो लांब ठेवावा. कूट शेवटी, नाहीतर ते खाली लागतं.

पण या केळ्याचं खरं चीज होतं ते कापांत. गोव्यात याच प्रकाराला फोडी म्हणतात आणि मासे नसलेल्या दिवशी ताटाची अब्रू त्यांच्याच हातात असते. केळं तिरकं, लांबट कापावं. जाडी पाव इंचापेक्षा थोडी कमी. पातळ केलं तर वेफर होतो, जाड केलं तर रवा करपतो आणि आतला गर कचकचीतच राहतो. मीठ, हळद, तिखट, हिंग आणि चमचाभर आगळ किंवा चिंचेचा कोळ चोळून दहा मिनिटं ठेवावं. रव्यात थोडी तांदळाची पिठी मिसळून त्यात काप दोन्ही बाजूंनी दाबावेत. तव्यावर, मध्यम आचेवर, कडेने तेल सोडत भाजावेत. झाकण ठेवलं की वाफ धरते आणि रवा मऊ पडतो. तेव्हा झाकण नकोच. सुरीचं टोक अडथळ्याविना आत गेलं की काप उतरवावा. आधी उकडून मग काप करणारी घरंही आहेत. माझ्या मते तो प्रकार बटाट्याच्या कापाच्या जवळ जातो, केळ्याचा तुरटपणा त्यात हरवतो.

केरळातले पिवळेधमक वेफर याच अवस्थेतले. नेंद्रणाच्या चकत्या खोबरेल तेलात तळतात आणि होत आल्या की उकळत्या तेलातच हळद-मिठाचं पाणी शिंपडतात. तेल भयंकर तडतडतं. घरी करायचं तर चमचाभरच पाणी घ्यावं आणि लगेच मागे सरकावं. जाड तुकडे तळून गुळाच्या पाकात घोळले आणि वर सुंठ भुरभुरली की ओणमच्या पानातली शर्करा वरट्टी होते. सालही तिथे फुकट जात नाही: बारीक चिरून, चवळीबरोबर शिजवून, ओलं खोबरं घालून तिची भाजी करतात. बंगालात तीच साल उकडून, वाटून, मोहरीच्या तेलात परततात.

साल पिवळी झाली, पण गर अजून घट्ट आहे, तेव्हा तळणं सोडून वाफेकडे वळावं. सालीसकट उकडलेलं नेंद्रण केरळात पुट्टूबरोबर न्याहारीला असतं. आपल्याकडे याच वेळी भरली केळी करतात. केळ्याला चीर पाडून आत ओलं खोबरं, साखर, वेलदोडा भरायचा आणि तुपावर मंद आचेवर सगळीकडून फिरवायचं. त्या आधीच्या हिरव्या दिवसांत फणी फ्रिजमध्ये टाकू नये. गारठ्याने साल काळवंडते आणि पिकणं अडकून बसतं.

सालीवर काळे डाग दाटले की अनेकजण केळी टाकून देतात. केरळातल्या पळम पोरीला हीच लागतात. लांब उभे काप, हळद घातलेल्या मैद्याच्या घोळात बुडवून तळलेले, सोबत कडक चहा. गोव्यात या अवस्थेतल्या केळ्यांचा तुपातला हलवा करतात. गोळा कढई सोडेपर्यंत हात थांबवायचा नसतो. वसई-आगाशीकडे पिकलेली राजेळी सोलून उन्हात वाळवतात आणि सुकेळी करून केळीच्या वाळक्या पानांत गुंडाळतात. घरच्या गॅलरीत तो खटाटोप करू नये. सलग कडक ऊन लागतं, आणि मुंग्यांना आपल्या आधी बातमी लागते.